मागच्या सीटचा आवाज

नवरा चष्मा विसरून गेला म्हणून ती त्या दुकानात गेली. नाहीतर तिला काही कळलंच नसतं, आणि कळलं असतं तेव्हा हत्तीण फाटकाबाहेर उभी राहून गळा काढत असती.

हत्तीण म्हणजे त्यांची मोटारसायकल. नाव तिनेच ठेवलेलं. दोन्ही कुशींना पेट्या, मागे आणखी एक मोठी पेटी, पुढे वारा अडवायला काच, आणि कलंडली तर उचलायला चार माणसं. लांबच्या प्रवासाची गाडी. लेक शाळेत जात होती तेव्हा घेतलेली. त्या वेळी तिच्यात टेप होता, आणि गाडीत टेप आहे हे बघायला गल्लीतली माणसं हात पुसत बाहेर यायची. आता त्या टेपमध्ये घालायला कॅसेट मिळत नव्हती आणि मिळाली तरी तो ती चावून परत देत होता. म्हणून नवऱ्याने ठरवलं, नवा आवाज बसवायचा. चांगला, दणदणीत, मागेपुढे.

तिलाही ते पटलं होतं. पटलं कसलं, मनातून ती खूश झाली होती. कारण इतक्या वर्षांत त्या टेपवरचं एक गाणं तिच्या कानापर्यंत धड आलं नव्हतं. दोन्ही स्पीकर पुढे, काचेच्या आत. गाणं त्याला आणि वारा तिला, अशी वाटणी. पुढे काय वाजतंय ते ती त्याच्या खांद्यांवरून ओळखायची. खांदे भरभर उडाले की ते ढोलकीचं. मान एका जागी थिजली की ते रडकं, जे लागलं की तो वेग कमी करायचा. आणि खांदे सावकाश, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे असे झुलायला लागले की ते नावेचं गाणं, तिचं सगळ्यात आवडतं. मग ती हेल्मेटच्या आत ते म्हणायला लागायची. कुणाला ऐकू जात नसे. पण दोघं एकच गाणं म्हणतोय, असं वाटून रस्ता छोटा व्हायचा.

"मागे पण बसवा हो," असं तीच त्याला म्हणाली होती. तो "हो, हो, मागेच बसवतोय" म्हणाला होता. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दुकान गाड्यांना आवाज बसवून देणाऱ्याचं. शेजारी बॅटरीवाला, समोर आरसेवाला आणि सीटची कव्हरं शिवणारा. ती गेली तेव्हा हत्तीण मधोमध उभी होती आणि तिचं पोट फाडलेलं होतं. पुढची काच उतरवलेली, रंगीबेरंगी वायरी बाहेर लोंबत होत्या. नवरा कुठे दिसेना. साउंडवाला मात्र होता. दंडावर चिकटपट्टीचं वेटोळं अडकवून चहा पीत कसल्यातरी काळ्या गादीवर बसला होता.

"या काकू," तो उठला. "काका समोर गेलेत, स्क्रू आणायला. माझे स्क्रू त्यांना पटत नाहीत. बसा ना." आणि आपल्या बुडाखालची ती काळी गादी त्याने पायाने तिच्याकडे सरकवली. "बसा, पडूनच आहे ही."

सीट ओळखायला तिला वेळ लागला नाही. उजव्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचे टाके होते. डोंगरातल्या त्या वळणावर खडकाला घासून रेक्झिन फाटलं होतं, तेव्हा तिनेच जाड सुईने घातलेले. डावी बाजू जरा बसलेली, कारण त्याच्या हेल्मेटच्या आड रस्ता दिसत नाही म्हणून ती कायम डावीकडे झुकून पुढे बघायची. त्या गादीवर तिच्या आयुष्याचा ठसा होता. आणि ती चहाच्या डागासकट जमिनीवर पडली होती.

तिने गाडीकडे बघितलं. सीटच्या जागी एक पेटी ठोकली होती. काळी, चौकोनी, समोरून जाळी, आत ताटाएवढा स्पीकर. आयत्या बिळात नागोबा.

"कसंय?" साउंडवाल्याला वाटलं ती कौतुकाने बघतेय. "खास बनवून घेतलीय. आवाज पाठीतून छातीत शिरायला पाहिजे, त्याशिवाय मजा नाही. आवाज वाढवणारं मशीन पण आतच बसवलं. नुसता पुढून आवाज म्हणजे काय, शेजारच्या घरात रेडिओ लावल्यासारखा."

"आणि मागे बसणाऱ्याने कुठे बसायचं?"

"मागे कोण बसतंय काकू? काका म्हणाले, आता एकटाच जाणार."

"आता एकटाच."

"हां. असंच म्हणाले."

तो "आता" तिच्या जिव्हारी लागला. तळपायाची आग मस्तकात गेली. सीट उचलून तिने तिच्यावरचा चहा पदराऐवजी तळहाताने पुसला, भिंतीपाशी ठेवली, आणि तिच्यावर बसली. जागा सवयीची होती. डावीकडे झुकायला झालं.

नवरा स्क्रूची पुडी घेऊन आत आला आणि दारातच थांबला. रंगेहाथ पकडलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला ठाऊक होतं. हा चेहरा तसा नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. त्याला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं.

"तू कशी काय?"

"चष्मा." तिने डबी त्याच्या हातात न देता त्या पेटीवर आपटून ठेवली. "बसून होते जरा. माझ्या जागेवर. झालं बसून."

आणि ती निघाली. मागून साउंडवाला हळूच विचारत होता, "काका, काय झालं?" काका काय म्हणाले ते ऐकायला ती थांबली नाही.

घरापर्यंतचा रस्ता तिने पाय आपटत काढला.

त्यांच्यात एक रीत होती. ती घातली सासूने. लग्न नवं होतं, हत्तीणीच्या आधीची साधी मोटारसायकल होती, तेव्हा त्याने मित्रांना परस्पर सांगून टाकलं होतं की सहलीला आम्ही दोघं येतोय. ती आत भांडी विसळत होती, तिला पत्ताच नाही. सासू उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तिला विचारलंस का रे? बाईला विचारून न्यावं. पिशवी उचलतोस तशी उचलू नये." तो लाजून आत आला आणि म्हणाला, "येतेस का?" आणि तिने, सासूच्या जिवावर, "नाही" म्हटलं. यायचं तर मनात होतंच. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणी विचारत होतं, तर ते एका झटक्यात कशाला संपवायचं? त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तर तिचं हेल्मेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवलं, पिठाच्या डब्याशेजारी. तेव्हा ती म्हणाली, "आता एवढं म्हणताय तर."

सासू गेली, रीत राहिली. दरवर्षी तो टेबलावर नकाशे पसरायचा आणि ती म्हणायची, "यंदा मी नाही हो, तुम्ही जाऊन या." कधी गुडघे, कधी कुंड्यांना पाणी कोण घालणार, कधी नुसताच कंटाळा. तो पुन्हा विचारायचा. मग पुन्हा. मग ओट्यावर हेल्मेट. त्या हेल्मेटची वाट बघण्यात जे सुख होतं ते प्रवासातही नव्हतं. एवढा मोठा, तिरसट, कुणापुढे न वाकणारा माणूस तिच्यापुढे तीनदा वाकायचा.

यंदाही ती म्हणाली होती, "मी नाही हो."

तो म्हणाला होता, "बरं."

नुसतं बरं. तिला वाटलं, दुसऱ्यांदा विचारेल. ओटा पुसताना ती डब्याशेजारची जागा मोकळी ठेवत होती. तिकडे हा माणूस तिच्या जागी पेटी ठोकून घेत होता.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती कपाट आवरत होती. म्हणजे कपाटातल्या वस्तू एका फळीवरून दुसऱ्या फळीवर आपटत होती.

"चिडलीस?"

"मी कशाला चिडू? माझा काय संबंध? घरातली अडगळ काढली तुम्ही. बरं केलंत."

"अगं, तूच नाही म्हणालीस."

"दरवर्षी म्हणते."

"मग मला कसं कळायचं, खरं 'नाही' कुठलं आणि लटकं कुठलं?"

"इतकी वर्षं कळत होतं. यंदाच काय अक्कल गहाण पडली?"

तो खुर्चीत बसला. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "लेक म्हणाली मला," तो खाली बघत म्हणाला. "आईला ओढून नेऊ नका. ती नाही म्हणते आणि तुम्ही ऐकत नाही. नाही म्हणजे नाही असतं बाबा, असं म्हणाली. मला वाटलं, खरंच असेल. मागच्या वेळी घरी आलो तेव्हा तुला दोघांनी धरून उतरवावं लागलं."

"मी हसत होते तेव्हा."

"हसत होतीस. पण पाय टेकत नव्हता."

तिने कपाटाचं दार लावलं. ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं. मग फोन उचलला.

लेक दुसऱ्या गावात राहायची, पण तिचा कारभार इथपर्यंत पोचायचा. "आई? काय झालं?"

"तुला माझं वकीलपत्र कुणी दिलं?"

"कसलं वकीलपत्र?"

"नाही म्हणजे नाही, हे तू कुणाला शिकवलंस?"

"आई, तूच माझ्यापाशी रडतेस. पाठ धरली, गुडघा सुजला, तुझ्या बाबांना कळत नाही. दर वर्षी."

"रडत नाही. सांगते. आईने लेकीला सांगू पण नये का?"

"सांग ना. पण मग मी काय करू? ऐकून सोडून देऊ?"

"हो. ऐकायचं आणि सोडून द्यायचं. सगळ्यावर उपाय करायला कुणी सांगितलंय?"

"मग तुला जायचं होतं का?" लेकीने विचारलं. "सरळ सांग ना. जायचं होतं की नव्हतं?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून येईना. "ठेवते," ती म्हणाली आणि ठेवला.

नवरा अजून खुर्चीतच होता. एक बूट पायात, एक हातात. आता तोही चिडला होता. त्याचा राग उशिरा यायचा आणि आला की मुक्कामाला यायचा.

"एक बोलू?" तो म्हणाला. "दरवर्षी तीनदा विचारतो. कधी माझ्या मनात येतं, हिला खरंच नको असेल, मी हिला भरीला पाडतोय. अर्धा रस्ता त्यातच जातो माझा. वळणावर तू गप्प झालीस की वाटतं, रागावली. इतक्या वर्षांत तू एकदा तरी म्हणालीस का, मला यायचंय म्हणून? एकदा? मी विचारून विचारून जीभ झिजवायची, आणि तू उपकार केल्यासारखी बसायचीस."

"उपकार?"

"मग काय? आता एवढं म्हणताय तर. हेच ना?"

तिच्या हाताला कपाटातली जी वस्तू लागली ती होती त्याची जुनी टॉर्च. तिने ती फेकली नाही. पण ठेवली ती अशी की सेल बाहेर आले.

"आणि ती एवढी मोठी पेटी कशाला लागली?" तिने विचारलं. "एकट्याला ऐकायला पुढचे दोन पुरेनात?"

"सुनं वाटतं," तो म्हणाला. "मागून कुणी बोलत नसलं की. परवा एकटा गाडी घेऊन गेलो होतो, बघितलं. मागे काहीतरी आवाज पाहिजे."

"माझ्या बडबडीच्या जागी ताटाएवढा स्पीकर."

"त्याच्याहून लहानात भागत नव्हतं."

दुसरा कुणी असं म्हणाला असता तर ती हसली असती. तिने सेल उचलून टॉर्चमध्ये घातले, उलटे घातले, टॉर्च लागली नाही. मग दोघंही जेवायला बसली आणि एकमेकांकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

सकाळी तो अंघोळीला गेला आणि ती घराबाहेर पडली. राग रात्रभर मुरला होता आणि आता चांगला कडक झाला होता. लेकीवर होता, नवऱ्यावर होता, त्या सासूवर होता जिने ही रीत लावून दिली आणि निघून गेली. आणि सगळ्यात जास्त राग याचा होता की नवरा म्हणाला ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

साउंडवाला शटर वर करत होता.

"ती पेटी काढ," ती म्हणाली.

"काकू, काका आले की..."

"काका काय म्हणतील ते मला पाठ आहे. मी काय म्हणते ते ऐक. पेटी काढ आणि ती सीट जिथली तिथे लाव."

"पण काकू, मशीन आत बसवलंय. सगळी वायरिंग त्या हिशोबाने केलीय. काका म्हणाले होते, एकटाच..."

"मला जायचंय," ती म्हणाली.

शब्द फार मोठ्याने आले. समोर कव्हरं शिवणाऱ्याने मशीन थांबवून वर बघितलं. तिला स्वतःलाच तो आवाज ओळखीचा वाटला नाही. म्हणून तिने पुन्हा म्हटलं, जरा खालच्या पट्टीत, पण तितक्याच रागाने. "मला जायचंय. दर वर्षी जायचं असतं. पाठ दुखते म्हणून पाठीला टेकायला चांगलं रुंद काहीतरी लाव. गुडघा धरतो म्हणून पाय ठेवायची जागा खाली घे. पण मला जायचंय."

साउंडवाला तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या मागे बघत होता. ती वळली. नवरा उभा होता, ओले केस, शर्टाचं बटण खालीवर लागलेलं. तो धावत आला होता, हे त्याच्या छातीवरून दिसत होतं.

तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि सगळ्याचा विचका करणार. तो तिच्याजवळून आत गेला, भिंतीशी ठेवलेली सीट उचलली, आणि साउंडवाल्याला म्हणाला, "ऐकलंस ना? पाना दे इकडे."

कामाला दिवस गेला. पेटी निघाली. मशीन उजव्या कुशीच्या पेटीत गेलं. मागच्या मोठ्या पेटीला दोन्ही बाजूंना मुठीएवढे स्पीकर लागले, तिच्या कानांच्या उंचीवर. मधे टेकायला गादी, समोरच्या कव्हरवाल्याने तिच्या मापाने शिवलेली. त्याला उजव्या कोपऱ्यातले टाके बघून नवं रेक्झिन घालायचं होतं. "हात लावलास तर बघ," ती म्हणाली.

नवऱ्याशी ती दिवसभर बोलली नाही. तो पाना मागे तो साउंडवाल्याकडे. ती सूचना देई ती साउंडवाल्याला. तो बिचारा दोघांच्या मधे तारेसारखा ताणला गेला.

"आवाज कमीजास्त करायचं बटण कुठे आहे?" तिने विचारलं.

"पुढे काकू, डाव्या मुठीपाशी."

"मागे घे."

"मागे?"

"माझ्या हाताशी."

साउंडवाल्याने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने आभाळाकडे बघितलं. बटण मागे आलं.

मग तो पुढे बसला आणि ती मागे. उभ्या गाडीवर, दुकानाच्या आत, डोक्यावर काही नाही, समोर आरसेवाल्याचे दहा आरसे आणि दहातही तीच दोघं. पाठ टेकली. बरं वाटलं, पण ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"लावू?" साउंडवाल्याने विचारलं.

"तेच लाव," नवरा म्हणाला. "जुन्या टेपवरचं. मी सांगितलेलं."

गाणं सुरू झालं. दोन्ही कानांत, स्वच्छ, एक सूर इकडचा तिकडे न होता. आणि तिच्या समोर त्याचे खांदे झुलायला लागले. सावकाश. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

पण गाणं नावेचं नव्हतं. ते एका खुळ्या माणसाचं गाणं होतं, ज्याची म्हणे टोपी वाऱ्याने उडाली आणि तो तिच्यामागे गावभर धावतोय. मधे मधे शिट्ट्या होत्या. एका ठिकाणी गायक चक्क शिंकला.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"माझं आवडतं," तो म्हणाला. "तुला माहीत नाही? घाटात हेच तर लावायचो."

"घाटात तुम्ही नावेचं लावायचात."

"नावेचं?" तो अर्धवट वळला. "ते रडतराऊ? ते मला कधीच आवडलं नाही. ते माझ्याकडे नव्हतंच कधी."

सगळे घाट, सगळी वळणं, नदीकाठचे ते लांबच लांब रस्ते, आणि हेल्मेटच्या आत डोळे मिटून गाणारी ती. दोघं एकच गाणं म्हणतोय म्हणून. आणि पुढे हा टोपीच्या मागे धावत होता.

"तू मागे काहीतरी गुणगुणायचीस," तो म्हणाला. "हेल्मेटला हेल्मेट लागलं की समजायचं मला. वाटायचं, हिला ऐकू येतंय बहुतेक. म्हणून मी ते परत परत लावायचो."

"टोपीचं?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? मला काय इतकं वेड लागलंय?"

साउंडवाला हसू दाबायला वायरी गुंडाळायला लागला. गायक पुन्हा शिंकला. तिला हसू आलं नाही, अजिबात नाही; आला तो रागच, नवा कोरा, इतक्या वर्षांच्या व्याजासकट. तिने हात लांब करून बटण फिरवलं. टोपीवाला धावता धावता दूर गेला, आणखी दूर गेला, आणि गल्लीच्या टोकाला कुठेतरी गप्प झाला.

"अगं, संपू तर दे," तो म्हणाला.

"येतेस का म्हणून विचारलं नाहीत अजून," ती म्हणाली.

"तू आधीच सांगितलंस ना, जायचंय म्हणून. सगळ्या बाजाराने ऐकलं."

"ते साउंडवाल्याला सांगितलं. तुम्हाला नाही."

त्याने श्वास सोडला. समोरच्या दहाही आरशांत त्याचे खांदे खाली आले. "येतेस का?"

तिने पाठ नव्या गादीला टेकली, बटणावरचा हात काढला नाही.

"नावेचं लावणार असलात तर," ती म्हणाली.